नांग्या भरताना झालेली चूक

आमच्या बीबी गावाकडं शेडनेटमध्ये क्रॉसिंग करणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, पण माझ्या आईसारखा हात दुसरा नाही, असं बियाण्याच्या कंपनीचा सुपरवायझरही म्हणायचा. सुपरवायझर लोक कुणाचं फुकट कौतुक करत नाहीत. त्या हाताला मी एकदा लेखी खोटं पाडलं आहे. रागाच्या भरात नव्हे, चांगलं शांतपणे, पदवी घेताना. ते लिखाण आजही विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे आणि ते दुरुस्त करायचं की नाही हे माझ्याच हातात आहे. इतकी वर्षं मी ते केलेलं नाही. त्याची कारणं मी स्वतःला खूपदा सांगून पाहिली, त्यातलं एकही मला पटत नाही.

क्रॉसिंग म्हणजे काय ते आधी सांगते. टोमॅटोचं संकरित बियाणं आपोआप तयार होत नाही. उद्या उमलणारी कळी आज दुपारी चिमट्यानं उघडायची, तिच्यातला नर, म्हणजे पिवळे परागकोश, अलगद काढून टाकायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीचे पराग त्या कळीला लावायचे. लावून झाले की फुलाच्या खालच्या हिरव्या पाकळ्यांपैकी दोन कापायच्या, म्हणजे पुढे फळ धरल्यावर हे आपल्या हातचं, हे आपोआप धरलेलं, असं ओळखू येतं. खूण नसलेलं फळ तोडून फेकायचं. बियाण्यात भेसळ निघाली तर कंपनी सगळा माल नापास करते, आणि कुणाच्या नेटमधला नापास झाला हे संध्याकाळपर्यंत गावभर होतं. आईच्या हातचं बियाणं कधी नापास झालं नाही. चौथी शिकलेली बाई, पण 'हे कुठल्या लाइनीचं?', म्हणजे कुठल्या वाणाचं, हा प्रश्न ती शेतात सोडा, मेथीची जुडी घेतानाही विचारायची.

आणि मी तिची शिकलेली लेक. मी विद्यापीठात भातावर संशोधन करत होते. बुलडाण्यातली मुलगी आणि भात, यावर दोन्हीकडून हसून झालं होतं. विद्यापीठात विचारायचे, तुमच्याकडं प्यायला तरी पाणी पुरतं का? गावात विचारायचे, ज्वारी-सोयाबीन संपले काय? मला मिळालेला विषय मात्र खरोखर विलक्षण होता. सरांकडं, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांकडं, भाताचा एक असा वाण होता की ज्याच्या पानांवर आपोआप तांबूस ठिपके पडायचे. एका जुन्या वाणाच्या बियाण्यावर किरणांचा मारा करून कधीतरी तो निघाला होता. पाहणाऱ्याला वाटावं, करपा पडला आहे. पण ठिपक्याचा तुकडा कापून बुरशी वाढवायला ठेवला तर काहीच वाढायचं नाही. रोग नव्हताच. शत्रू आला अशी समजूत करून घेऊन ते झाड स्वतःच्याच पेशी जागोजाग मारून टाकत होतं.

गंमत अशी, की खरा करपा या झाडावर फवारला तर तो लागतच नाही. झाड आधीच सावध असतं. त्याची किंमत मात्र ते मोजत असतं, लोंबी लहान राहते, दाणे कमी भरतात. हा सावधपणा चांगल्या वाणात आणता आला, आणि नुकसान टाळता आलं, तर मोठंच काम होतं. पण त्याआधी एक साधा प्रश्न सोडवायला हवा होता. हे ठिपके किती जनुकांमुळे पडतात? सर म्हणायचे, एका. यावर त्यांचा एक पेपर आधीच छापून झाला होता. माझं काम होतं ते दुसऱ्या एका वाणाबरोबर संकर करून पुन्हा दाखवून देणं. एकाच जनुकाचा दोष असेल तर संकराच्या नातवंडांमध्ये दर चार झाडांत एक ठिपक्यांचं निघतं. मला फक्त मोजायचं होतं.

मोजण्यापर्यंत पोहोचायलाच माझा जीव गेला. भाताचं फूल म्हणजे काय, भाताचा एक दाणाच. त्याचं टोक कात्रीनं कापून आतले सहा केसर चिमट्यानं काढायचे, वरून कागदी पिशवी घालायची आणि दुसऱ्या दिवशी पराग झटकायचे. माझ्या हातून फूल तरी चिरडायचं नाहीतर एखादा केसर आत राहायचा. एक हंगाम असाच गेला. शेवटी मी दोन्ही वाणांची झाडं बादल्यांत घालून एसटीनं घरी आणली. कंडक्टरनं मेहकरपर्यंत 'हे काय आहे' हाच एक प्रश्न चालवला. आईनं बादलीशेजारी बसकण मारली, एक फूल फोडून पाहिलं आणि म्हणाली, "एवढुशा फुलात सा केसर? टमाट्याचं बरं हाये मंग." दोन दिवसांत तिनं मला येत नव्हतं ते करून दाखवलं. दाणे धरले. पुढचा सगळा प्रबंध त्या दाण्यांवर उभा आहे.

ते दाणे विद्यापीठात लावून त्यांचं बी घेतलं. आता त्या बियांची झाडं वाढवून मोजणी करायची होती, तर विद्यापीठातल्या जाळीघरात जागा नाही. सरांच्या दुसऱ्या प्रोजेक्टनं सगळे वाफे अडवले होते. सर म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. माझी शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी संपत होती. मी बाबांना फोन केला. बाबांनी एक वर्ष अर्ध्या शेडनेटमध्ये काकडीचं बियाणं घेतलं नाही, तिथं खड्डा घेतला, शेततळ्याला अंथरतात ती पन्नी अंथरली, माती भरली आणि विहिरीचं पाणी सोडलं. बीबीच्या बाजाराला आलेले लोक वाट वाकडी करून धान बघायला यायचे. मी मनातून फार खूश होते. विद्यापीठात मला जागा नव्हती, इथं माझं राज्य होतं.

रोपं ट्रेमध्ये वाढवली, एकेक करून वाफ्यात लावली. लावणी झाली आणि विद्यापीठातून निरोप आला की प्रगती अहवालाचा सेमिनार आहे, हजर राहा. मी वाफा आईच्या स्वाधीन करून गेले. सूचना काय दिल्या होत्या? पाणी कमी होऊ देऊ नको आणि कुणाला आत येऊ देऊ नको. एवढ्याच. नांग्यांबद्दल मी काही बोलले नव्हते. लावणीनंतर काही रोपं मरतात, ओळीत खाडे पडतात. त्या मोकळ्या जागी नवं रोप लावणं म्हणजे नांग्या भरणं. आमच्याकडं खाडा तसाच ठेवणं हे आळशी माणसाचं लक्षण समजतात. बांधावरून जाणारा परका माणूसही थांबून विचारतो, काऊन हो, नांग्या नाही भरल्या? संशोधनात मात्र मेलेलं रोप मेलंच म्हणून नोंदवायचं असतं.

मी परत आले तेव्हा वाफा भरगच्च होता, एकही जागा मोकळी नाही. काही रोपांच्या बुडाशी तुरीच्या काडक्या खोचलेल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी सर येणार होते. सरांना प्रबंधासाठी फोटो हवा होता आणि त्यांना फोटोत कचरा चालत नसे. मी त्या काड्या उपटल्या, मूठभर झाल्या, आणि बाहेर उकिरड्यावर टाकल्या. आईला विचारलं नाही. विचारायला ती दहा पावलांवर टोमॅटोत होती. सर आले, फोटो काढले, आईच्या हातची ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. 'अन्नपूर्णा आहात हो,' असं म्हणाले आणि गेले.

ठिपके लगेच पडत नाहीत. झाड फुटव्यावर आलं, वयात आलं, की पडतात, आणि त्यांना ऊन लागतं. नेटच्या सावलीत ते आणखी उशिरा आले. मी रोज सकाळी जाऊन पानं उलटीपालटी करायची. शेवटी वरची हिरवी जाळी गुंडाळून ऊन आत घेतलं, आणि आठवड्याभरात ठिपके दिसायला लागले. मी मोजायला बसले. दर चारांत एक हवं होतं. निघालं साधारण दर सोळांत एक. पुन्हा मोजलं. बाबांना बसवून मोजलं. तेवढंच. जेवणही गेलं नाही. त्याच दिवशी दुपारी बोलता बोलता बाबांच्या तोंडून निघालं की तू गेली होतीस तेव्हा तुझ्या आईनं सगळ्या नांग्या भरल्या, फार छान भरल्या.

पुढचं मला लिहायला आवडत नाही. मी टोमॅटोच्या ओळीत जाऊन आईला, तिच्यासोबतच्या तीन बायकांदेखत, बोलले. म्हणाले, माझ्या चार वर्षांची माती केलीस. आईनं चिमटा खाली ठेवला. "काय झालं ते तं सांग."

"तू नांग्या भरताना बारीक, अशक्त रोपं काढून टाकलीस. तीच ठिपक्यांची होती."

"म्या एकबी रोप काढलं नाही. जे मेलं त्याच्या जागी लावलं, अन् तुह्या त्याच ट्रेमधलं उरलेलं लावलं. वेचून नाही लावलं, हाती आलं ते लावलं. तेच लाइनीचं हाये."

"तुला काय माहीत कुठलं अशक्त ते? सवयीनं काढलंच असशील."

"अन् तवा ठिपके कुठं व्हते?" आई म्हणाली. "ठिपके तं आता आले. मी काय पाहून काढीन?"

खरं म्हणजे तिथंच सगळं संपायला हवं होतं. पण ती पुढं म्हणाली, "मी जिथं जिथं लावलं तिथं काडी खोचेल हाये. काडीवाले सोडून मोज. तुले समजन." आणि मी म्हणाले, त्या काड्या मी केव्हाच फेकल्या. "काऊन? मले इचारलं काऊन नाही?"

खूण केली होती तिनं. कुठलं मूळचं, कुठलं मागून लावलेलं, हे वेगळं ओळखू यावं म्हणून, जसं टोमॅटोत करायची तसं. कुणी न सांगता केली होती. एखादा शहाणा माणूस असता तर तिथंच जमिनीवर बसला असता आणि म्हणाला असता, आई, चुकलं. मी म्हणाले, "तू गप्प बस. हे टोमॅटो नाहीत." त्या तीन बायकांनी माना खाली घालून कळ्या फोडायला घेतल्या. आईनं हात पदराला पुसले. त्यानंतर ती भाताच्या वाफ्याकडं फिरकली नाही, पाणी बाबा द्यायचे.

मनातल्या मनात मी हिशेब केला होता. चारांतलं एक सोळांतल्या एकावर यायला, ठिपक्यांच्या चार झाडांपैकी तीन काढून टाकलेली असायला हवी होती. वाफ्यात शेकडो झाडं, आणि मी उपटलेल्या काड्या मूठभर होत्या. त्यातली प्रत्येक काडी ठिपक्यांच्याच रोपाच्या जागी होती असं धरलं तरी आकडा जुळत नव्हता. हे मला कळत होतं. अडाणी माणसाची चूक आणि शिकलेल्या माणसाची चूक यात फरक एवढाच, की शिकलेल्याला आपण चुकतोय हे कळत असतं आणि तो ते नीट भाषेत मांडतो.

सरांच्या खोलीत मी सगळं सांगितलं. काड्यांचंही सांगितलं, आई काय म्हणते तेही सांगितलं. सर शांतपणे ऐकून म्हणाले, "मी समजू शकतो. बायका रोप पाहूनच लावतात, हात तसाच वळलेला असतो. त्यांनाही कळत नाही आपण काय फेकलं ते." मी म्हणाले, सर, पण तेव्हा ठिपके नव्हते. ते म्हणाले, "ठिपके नसले तरी रोप अशक्त असतंच ना? तू फार विचार करतेस." मग त्यांनी उपाय सांगितला. त्यांच्या जुन्या संकराची मोजणी, जी किरणांचा मारा झालेल्या त्या मूळच्या वाणाबरोबर केली होती आणि जिच्यात चारांत एक बरोबर आलं होतं, ती मुख्य धरायची. माझ्या वाफ्याची मोजणी खाली द्यायची आणि ती कमी का आली याचं एका वाक्यात कारण द्यायचं. वाक्य त्यांनीच सांगितलं. नांग्या भरताना शेतमजुरांनी अशक्त रोपं काढून टाकल्यामुळे ठिपक्यांच्या झाडांचं प्रमाण अपेक्षेपेक्षा कमी आढळलं.

"सर, मजूर नव्हते. माझी आई होती."

"ते लिहायची गरज नाही. परीक्षक हसतील. मजूर लिही."

मी लिहिलं. इंग्रजीत ते वाक्य फार सभ्य दिसतं. कुणाचं नाव नाही, आवाज चढवलेला नाही. पुढच्या वर्षी पदवी मिळाली, तेच वाक्य असलेला माझा पेपरही छापून आला, आणि जिल्ह्यातल्याच एका खासगी कृषी महाविद्यालयात नोकरी लागली. ऋणनिर्देशात मी सरांचे आभार मानले, सरांच्या सौभाग्यवतींचे मानले, जाळीघराच्या चौकीदाराचे मानले. 'आईवडिलांच्या आशीर्वादाबद्दल' असंही एक वाक्य आहे. आशीर्वाद! ज्या संकरावर प्रबंध उभा, तो तिच्या बोटांनी केलेला, आणि त्याबद्दल कुठं एक अक्षर नाही.

घरी आईनं प्रबंध हातात घेतला. जाडजूड, काळ्या बांधणीचा, वर सोनेरी अक्षरं. तिनं तो टीव्हीच्या शेजारी ठेवला. हिवरा आश्रमाकडून, तिच्या माहेराकडून कुणी आलं की ती तो उघडायची आणि वाफ्याचा फोटो दाखवायची. इंग्रजी तिला येत नाही, फोटो मात्र ती नीट पाहायची. एकदा पाहुण्यांसमोरच म्हणाली, "याच्यात काड्या दिसून नाही राह्यल्या." मी चहा आणायला आत गेले.

अशी बरीच वर्षं गेली. मी विद्यार्थ्यांना आनुवंशिकता शिकवते. चारांत एक, सोळांत एक, ही गणितं फळ्यावर दरवर्षी मांडते. दोन जनुकं एकच काम करत असतील तर काय होतं हेही शिकवते. शेतात दोन विहिरी असल्या तर एक आटली तरी शेत वाळत नाही, दोन्ही आटल्या तरच वाळतं, असं मी त्यांना सांगते. दोन्ही जनुकं बिघडलेलं झाड सोळांत एकच निघतं. हे मी स्वतःच्या तोंडानं, खडू हातात धरून, वर्षानुवर्षं सांगत आले आणि माझ्या वाफ्याशी त्याचा संबंध लावला नाही. लावला नाही की लावायचा नव्हता, हे मला आज सांगता येणार नाही.

दोन वर्षांपूर्वी एका तरुण संशोधकाचा फोन आला. आवाजावरून विदर्भातलाच वाटला. तो त्याच ठिपक्यांच्या वाणावर काम करत होता. फार अदबीनं म्हणाला, "मॅडम, तुमचा तो वाफा बरोबर होता." त्यानं सांगितलं ते असं. ते ठिपके एका नव्हे, दोन जनुकांच्या बिघाडामुळे पडतात. किरणांचा मारा ज्या मूळ वाणावर झाला त्याच्यात एक जनुक आधीपासूनच बिघडलेलं होतं. किरणांनी दुसरं बिघडवलं. म्हणून मूळ वाणाबरोबर संकर केला की चारांत एक येतं, कारण पहिली विहीर दोन्ही शेतांत, म्हणजे दोन्ही वाणांत, आधीच आटलेली. सरांनी तेच पाहिलं होतं. पण दुसऱ्या धडधाकट वाणाबरोबर संकर केला की सोळांत एकच येतं. त्यानं तीन वेगवेगळे वाण घेऊन पाहिलं, तिन्हींत तेच आलं. "तुमच्याकडं हे तेव्हाच आलं होतं, मॅडम. तुम्ही मजुरांची चूक म्हणून सोडून दिलं." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

म्हणजे आईनं भरलेला वाफा बरोबर होता. नांग्या भरूनही बरोबर होता, कारण तिनं लाइन पाळली होती. भाताच्या पानाबद्दलची एक नवी गोष्ट आमच्या काकडीच्या नेटमध्ये, पन्नीवर उगवली होती, आणि ती माझ्या नावावर लागायची तर मी तिच्यावर आईच्या चुकीचं लेबल लावून ती पुरली.

मी सरांना फोन केला. ते निवृत्त होऊन मुलाकडं राहतात. सगळं ऐकून म्हणाले, "छान झालं की! पुढचा मागच्याला सुधारतो, शास्त्र असंच चालतं. आता जुनं कशाला उकरून काढतेस?" मी म्हणाले, सर, त्यात मजुरांबद्दल लिहिलं आहे ते? ते म्हणाले, "कुठले मजूर?" त्यांना खरंच आठवत नव्हतं. मला त्यांचा राग आला, पण त्यांच्यावर सगळं खापर फोडून मोकळं होण्याची सोय नव्हती. वाक्य त्यांनी सांगितलं असलं तरी प्रबंधावर नाव माझं आहे, आणि ती आई त्यांची नव्हती.

त्या पावसाळ्यात मी घरी गेले. आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, क्रॉसिंगला ती आता जात नाही. ओसरीत मूग निवडत बसली होती. मी टीव्हीशेजारचा प्रबंध काढून आणला, पान उघडलं आणि ते वाक्य तिला मराठीत वाचून दाखवलं. मग सांगितलं की ती म्हणत होती तेच खरं होतं. एका पोरानं ते सिद्ध केलं आहे. तिनं एकही रोप फेकलं नव्हतं.

आई मूग निवडत राहिली. मान वर न करताच म्हणाली, "हे मले माहीतच व्हतं. त्याच्यात तू नवं काय सांगून राह्यली?"

तिनं उघड्या पानावर बोट ठेवलं.

"मजूर म्हंजे कोण?"

"तू."

"मी तुह्याकडं रोजानं आलती का?" तिनं सूप बाजूला ठेवलं. "चूक लिहिली तं लिहिली. चूक कोनाचीबी होते. मजूर काऊन लिहिलं?"

मी सांगायचा प्रयत्न केला. परीक्षक हसले असते, सर म्हणाले, तशी पद्धत असते. माझंच बोलणं मला ऐकवेना. मग मी म्हणाले, आई, मी आता सगळं खरं खरं लिहिणार आहे. काड्यांसकट. मराठीत लिहिते, म्हणजे तुला वाचता येईल.

"मराठीत लिहून मी काय करू?" आई म्हणाली. "मराठीत तं साऱ्या गावाले माहीत हाये का माह्या हातची भेसळ नाही. जिथं खोटं लिहिलं तिथं लिही. ज्या भाषेत मजूर म्हणलं त्याच भाषेत लिही. जमत नसन तं राहू दे."

मी जमेल म्हणाले. विद्यापीठाला पत्र लिहायचं, ज्या नियतकालिकात पेपर आला त्यांना दुरुस्ती पाठवायची. कसं पाठवतात ते मला माहीत आहे, विद्यार्थ्यांना मी ते शिकवते. कॉलेजात काय बोलतील, बढतीच्या फायलीत काय जाईल, सरांना काय वाटेल, हे सगळं मनात येतं आणि मी कॉम्प्युटर बंद करते. आईनं पुन्हा विचारलेलं नाही. प्रबंध तिनं टीव्हीशेजारून उचलून माझ्या बॅगेत घातला, तो आता माझ्याकडंच असतो. इंग्रजीत त्या पत्राची एक ओळही अजून झालेली नाही. हे मराठीतलं मात्र मी एका बैठकीत लिहून काढलं.